रिफर्बिश्ड थिंकपॅड टी ४८०: देवाकडे मागितला तेव्हा हा मिळाला

आधी सरळ सांगते, लिखाण, पीडीएफ वाचणं, ऑनलाइन लेक्चर एवढंच काम असेल तर लेनोवोचा हा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला, लॅपटॉप बिनधास्त घ्या. २०१८ चं मॉडेल आहे, दिसायला साधं काळं खोकं आहे, पण दणकट आहे आणि माझं थीसिसचं सगळं काम आता यावरच चालतं.

आता तो कसा मिळाला हे सांगितल्याशिवाय माझा रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. थीसिस ऐन रंगात असताना आधीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, दुरुस्तीवाले म्हणाले यात आता पैसे घालू नका, स्कॉलरशिपचा हप्ता रखडलेला आणि घरी मागायची सोय नाही. मग देवाकडे मागितला. अगदी नाव घेऊन, की देवा मला लॅपटॉप हवाय आणि सबमिशनच्या आत हवाय. काही जण म्हणतात एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला कशाला त्रास, पण ज्याने मला अभ्यासाला बसवलंय त्याला अभ्यासाला काय लागतं हे माहीतच आहे ना, मग त्याच्याकडे मागायला संकोच कसला.

आणि असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं म्हणून मी बसले नव्हते हां. सकाळी प्रार्थना, मग लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर नंबर लावायचा, फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि स्वतःला मेलही करायची, संध्याकाळी मिळेल ते प्रूफरीडिंग. मला या बाबतीत जॉर्ज म्युलर फार जवळचे वाटतात. १९ व्या शतकात ब्रिस्टलमध्ये त्यांनी हजारो अनाथ मुलांना सांभाळलं, पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचा नाही, फक्त देवाकडे मागायचं हा त्यांचा नियम, पण आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद चोख. विश्वास आणि हिशोब एकाच वहीत. मला एका ओळखीच्या ताईंनी, स्वतःला वेळ नाही म्हणून, एका मोठ्या रिपोर्टचं प्रूफरीडिंग दिलं आणि त्या पैशात हा लॅपटॉप बसला. कोणी याला योगायोग म्हणेल, मी देवाने दिला म्हणते.

खरं तर मी नवा मागितला होता, आला जुना. पण वापरायला लागल्यावर कळलं की माझ्या कामाला हाच बरा. आजकालच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली असते, वाढवता येत नाही, यात दोन स्लॉट आहेत, ८ जीबीवर घेतला आणि नंतर दुसऱ्या स्लॉटमध्ये अजून ८ जीबी टाकली. बॅटऱ्याही दोन, एक आत आणि एक मागून काढता येणारी, त्यामुळे लायब्ररीत प्लगजवळची जागा नाही मिळाली तरी लॅपटॉप चालू ठेवूनच मागची बॅटरी काढायची, चार्ज केलेली लावायची, उघडलेली फाइल तशीच. चार्जिंग टाइप सी ने होतं. कीबोर्ड तर काय सांगू, रात्र रात्र टाइप करा, बोटं दुखत नाहीत. माझ्या युनिटचा स्पेसबार एका बाजूला घासून गुळगुळीत झालाय, आधीही यावर कोणीतरी भरपूर लिहिलंय, आणि मला ते बघून दर वेळी बरं वाटतं.

कमी बाजू. कॅमेरा ७२० पी, व्हायव्हाला चेहरा धुरकट दिसतो. स्क्रीनचा उजेड कमी, खिडकीशी बसून नीट दिसत नाही. काही युनिटना १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन असते ती अजिबात घेऊ नका, १९२० बाय १०८० वालीच बघा. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी या वाटेला जाऊच नये.

स्वस्त मिळतो म्हणून याच्या आधीचं मॉडेल टी ४७० घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा ८ व्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, टी ४८० च्या बहुतेक युनिटमध्ये तो मिळतो (घेताना खात्री करा) आणि टी ४७० त्यात बसत नाही. घेताना कमांड प्रॉम्प्टमधून (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) बॅटरी रिपोर्ट काढून बघा, मूळ कपॅसिटी किती आणि आता किती उरलीय ते दोन्ही बॅटऱ्यांचं वेगवेगळं दिसतं. एका दुकानात हे बघूच देईनात, मी उठून आले. गरज डोक्यावर होती पण देव देणार हे पक्कं होतं म्हणून उठता आलं, नाहीतर घाबरलेला माणूस समोर दिसेल ते उचलतो. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी सगळं उघडून दाखवलं, परत करायची मुदतही बिलावर लिहून दिली.

कोणाला घ्यायचा असेल आणि युनिट कसं तपासायचं कळत नसेल तर मला खुशाल विचारा. पैशाची अडचण असेल तर तेही सांगा, तुमच्यासाठी प्रार्थना करीन.