सरोवराचा गाळ: कवच मोजावं की मेण?

जुना पाऊस आणि हवामान शोधायला सरोवराच्या तळातून नळीसारखा उभा काढलेला गाळाचा गाभा एकच आणि मोजणीचे पैसेही एकदाच मिळणार. मग ऑस्ट्राकॉडच्या (पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्याच्या) चुन्याच्या कवचातला जड-हलका ऑक्सिजन मोजायचा, की पानांच्या मेणातला जड-हलका हायड्रोजन? मी आधी एकच विचारतो: सरोवरातून पाणी बाहेर वाहतं का?

वाहत असेल तर पाण्यातलं जड ऑक्सिजन-18 चं प्रमाण पावसाच्या जवळपास राहतं. बंद सरोवरात हलका ऑक्सिजन-16 आधी वाफेबरोबर उडतो, जड मागे साचतो. तिथलं कवच पावसापेक्षा कोरडेपणाची नोंद ठेवतं.

कवचाची खरी अडचण तापमान. पाणी एक अंशाने तापलं की कवचातलं प्रमाण सुमारे 0.24 दरहजारी उतरतं. समशीतोष्ण भागात हवा तेवढीच तापली तर पावसातलं प्रमाण साधारण 0.6 ने चढतं. म्हणजे हातात येते ती या दोन उलट परिणामांची वजाबाकी. जर्मनीतल्या अमरझे सरोवरात यातून छान वाट निघाली: खोल तळाचं पाणी वर्षभर जवळपास 4 अंशांवर असतं, म्हणून तिथल्या ऑस्ट्राकॉडमध्ये पावसाचाच बदल उमटला आणि आलेख ग्रीनलंडच्या बर्फातल्या हवामानाच्या नोंदीशी जुळला.

काम मात्र डोळे शिणवणारं. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने मिलिमीटरभराचं एकेक कवच उचलायचं, आत चिखल नाही ना बघायचं. जात एकच, तीही प्रौढ. कॅन्डोना कुळातली कवचं अपेक्षेपेक्षा सुमारे 2 दरहजारी जड असतात. जाती मिसळल्या की हवामान न बदलताच आलेख उडी मारतो. सगळा गाळ एकत्र कुटून चुना मोजण्याचा मोह टाळा, डोंगरावरून वाहून आलेला चुनखडक त्यात असतो.

आम्लधर्मी पाण्यात कवचं विरघळतात, तिथे मेणाला पर्याय नाही असं मी धरतो. मेणातल्या 29 आणि 31 कार्बनच्या लांब साखळ्या मुख्यतः जमिनीवरच्या, पावसाचं पाणी पिणाऱ्या झाडांच्या, त्यामुळे सरोवराच्या बाष्पीभवनाची थेट लुडबुड नाही. पण जंगल जाऊन गवत आलं तरी आकडा हलतो, म्हणून तेव्हा कोणती झाडं होती ते कळायला त्याच मेणातला कार्बन-13 (जड कार्बन) किंवा परागकणही बघावे लागतात. शिवाय मेण मातीत शेकडो वर्षं अडकून मग सरोवरात येऊ शकतं. झपाट्याने झालेले बदल त्यात पुसट होतात.

सरोवर वाहतं, खोल आणि कवचांनी भरलेलं असेल तर मी कवच घेईन. बंद असेल तर पैसे ताणून, कमी थरांवर का होईना, दोन्ही करीन: मेण पावसाचं सांगतं, कवच सरोवराचं, आणि दोहोंतला फरक बाष्पीभवनाचा अंदाज देतो.

गाभा कापताना जमिनीवरचं पान किंवा काडी दिसली तर आधी बाजूला काढा. चुनखडीच्या प्रदेशात कवचाचं रेडिओकार्बन वय खऱ्यापेक्षा जास्त निघतं. कालमापनाला ती काडीच लागेल.