हाय-फायसाठी पॉवर कंडिशनर आणि केबल: मराठवाड्यातल्या लाइटवर कशाचा उपयोग होतो

हाय-फायला, म्हणजे चांगल्या दर्जाच्या संगीत सिस्टिमला, मिळणारी लाइट साफ किंवा स्थिर करणारं उपकरण म्हणजे पॉवर कंडिशनर. या एकाच नावाखाली दुकानात चार वेगळ्या वस्तू मिळतात: फिल्टर असलेली प्लगपट्टी, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, सर्वो स्टॅबिलायझर (मोटरने व्होल्टेज सतत जुळवणारा) आणि रिजनरेटर. पहिल्या दोन व्होल्टेजला हात लावत नाहीत. आत 170 व्होल्ट आले तर बाहेरही साधारण 170च मिळणार. गावठाण आणि शेतीपंपांचा फीडर जिथे वेगळा नाही, तिथे पंप चालू असताना व्होल्टेज 180 च्या खाली जाऊ शकतं आणि पंप थांबले की 250 च्या पुढे चढू शकतं. अशा घरात फिल्टरची महागडी पट्टी लावून अ‍ॅम्प्लिफायरच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून खरेदीआधी आठवडाभर सकाळी, भर दुपारी आणि रात्री अकरानंतर मल्टिमीटरने आकडे टिपून ठेवा. काय घ्यायचं ते त्या वहीवरून ठरेल.

त्याच्याही आधी अर्थिंग पाहा. फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ पक्का असेल तर लाइनमधला कचरा, म्हणजे विजेतला गोंगाट, तिकडे उतरतो. अर्थ तुटलेला असेल तर हेच दोन कपॅसिटर उपकरणाच्या पत्र्यावर साधारण 115 व्होल्ट आणून ठेवतात. करंट अगदी कमी असतो, पण हाताला मुंग्या येतात आणि स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज सुरू होतो. नवी पट्टी लावल्यावर हम वाढला, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थचा निघतो.

आपल्या काळ्या जमिनीचा इथे मोठा वाटा आहे. पावसाळ्यात ती फुगून अर्थच्या पाइपला घट्ट धरते. एप्रिल-मेमध्ये भेगा पडल्या की पाइपभोवती पोकळी होते आणि रेझिस्टन्स चढतो. त्यामुळे दिवाळीत शांत असलेली सिस्टिम उन्हाळ्यात गुणगुणते. 40 मिमीचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती बेंटोनाइटचं अर्थिंग कंपाउंड आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात दोन बादल्या पाणी, एवढं पुरतं. मीठ-कोळशाचा जुना खड्डाही चालतो, मात्र मिठाने पाइप लवकर गंजतो. बोअरच्या केसिंगला वायर बांधून भागवू नका. केसिंग पीव्हीसीचं असेल तर तो अर्थच नाही.

लोड चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. 2-3 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मात्र कच्च्या अर्थवरही मल्टिमीटर छान आकडा दाखवू शकतो, म्हणून वायरमनकडून फेज ते अर्थ 100 वॉटचा जुना, फिलामेंटचा बल्ब लावून बघा. बल्ब मंद पेटला तर अर्थ कच्चा. घरात आरसीसीबी (करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत तो बहुधा ट्रिप होईल. सॉकेटही तपासा: अर्थचं भोक वर धरलं की समोरून उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. उलटी जोडणी फार घरांत सापडते.

आता वस्तूंकडे. ग्रामीण आणि तालुक्याच्या घरांसाठी सर्वो स्टॅबिलायझरला पहिली पसंती. रिलेवाला स्वस्त स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला क्षणभर सप्लाय तुटतो. टीव्हीला चालतं, डॅकला (डिजिटल संगीताचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्राला) नाही. सिस्टिम 500 वॉटची असली तरी 2 केव्हीए क्षमतेचा घ्या, कारण 170 वरून 230 करताना आत येणारा करंट 1.35 पट होतो. सर्वोमधला कार्बन ब्रश झिजतो आणि आपल्याकडच्या धुळीने अडकतो, म्हणून वर्षातून एकदा उघडून साफ करावा लागतो. टर्नटेबलपासून तो किमान दीड-दोन मीटर लांब ठेवा, नाहीतर त्याचं चुंबकीय क्षेत्र सुई धरणाऱ्या कार्ट्रिजमध्ये उतरतं.

शहरात व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर असेल आणि शेजारी वेल्डिंग, लेथ किंवा कारखाना असेल, तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर जास्त उपयोगी. 1 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर चालू करताना करंटचा मोठा झटका घेतो. लवकर पडणारी बी-कर्व्हची एमसीबी (आपोआप लाइन तोडणारा स्विच) पडते, झटका सोसणारी सी-कर्व्हची 16 अ‍ॅम्पिअरची लावा. रिजनरेटर नवी एसी तयार करतो, काम उत्तम करतो, पण गरम होतो. 43 अंशांच्या खोलीत त्याला मोकळी हवा लागते. फिल्टरच्या पट्टीवर फक्त डॅक, स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र), टर्नटेबलचा सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प लावा. मोठा अ‍ॅम्प्लिफायर थेट सर्वोवर. आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर फिल्टरपट्टी लावूच नका, आतले कपॅसिटर तापतात.

केबलचं गणित सरळ आहे. डीबीपासून (घरातल्या वितरण बॉक्सपासून) 15 मीटरवर सॉकेट असेल तर जाऊन-येऊन 30 मीटर तांबं. अडीच एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) वायरीत 0.22 ओहम, चार एमएममध्ये 0.14. अ‍ॅम्प्लिफायरसोबत येणारी दीड मीटरची, दीड एमएमची साधी कॉर्ड जेमतेम 0.04 ओहम. जाड महागडी पॉवर कॉर्ड या 0.04 मधलाच थोडा भाग वाचवते. त्याच पैशांत डीबीपासून चार एमएमची स्वतंत्र लाइन आणि चांगला 16 अ‍ॅम्पिअरचा सॉकेट होतो. ढिला सॉकेट ठिणग्या मारतो, त्याचा टिकटिक आवाज कानाला कळतो. स्पीकरसाठी पाच मीटरपर्यंत अडीच एमएमची शुद्ध तांब्याची वायर: 0.08 ओहम, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला एक टक्का. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर वजनाला हलकी लागते, ती परत करा.

वळवाच्या दिवसांसाठी डीबीत टाइप 2 एसपीडी (विजेचा झटका शोषणारं उपकरण) हवाच. पण डीपीवरून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून) येणारी न्यूट्रल तुटली तर सिंगल फेजच्या घरात 300-400 व्होल्ट येऊ शकतात आणि एसपीडीतला एमओव्ही (झटका शोषणारा भाग) ते झेलताना जळतो. त्यासाठी 270 व्होल्टच्या आसपास तोडणारा आणि तीन मिनिटांनी परत जोडणारा ओव्हरव्होल्टेज रिले वेगळा बसवा. विजा कडाडू लागल्या की प्लग काढाच, सोबत डिशची आणि ब्रॉडबँडची वायरही, कारण झटका तिकडूनही आत येतो.