धोरण-टिपणांची वर्गणी: अभ्यास पक्का, निधीची नोंद मात्र शेवटच्या पानावर

कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणि डिजिटल सार्वभौमत्व, म्हणजे देशाच्या डिजिटल माहितीवर आणि यंत्रणांवर देशाचाच ताबा, या विषयांवर सरकारला सल्ला देणाऱ्या एका थिंक टँकच्या टिपणांची वर्गणी आम्ही वर्षभरापूर्वी भरली. कायद्यांच्या मसुद्यांवर हरकती आणि सूचना पाठवणाऱ्या आमच्या लहानशा गटाला तांत्रिक बाजू समजावून देणारे कोणीतरी हवेच होते.

ती गरज या टिपणांनी उत्तम भागवली. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. ज्या सर्वोपयोगी, म्हणजे अनेक प्रकारच्या कामांना चालणाऱ्या, एआय मॉडेलच्या प्रशिक्षणाला १० चा २५ वा घात याहून अधिक गणनक्रिया लागल्या असतील, ते व्यापक जोखमीचे आहे असे हा कायदा गृहीत धरतो. हा निकष मॉडेल बाजारात येण्याआधीच मोजता येतो म्हणून सोयीचा, आणि कमी गणनेतही तितकीच सक्षम मॉडेल तयार होऊ लागली की लंगडा पडणारा, हे त्यांनी चार पानांत इतके स्वच्छ मांडले आहे की आमच्यातल्या तंत्रज्ञ नसलेल्या सदस्यांनीही त्यावर नेमके प्रश्न विचारले.

सार्वभौमत्वावरील टिपणाने मात्र निराशा केली. विदा (डेटा) देशातल्या सर्व्हरवर ठेवली की तिच्यावर आपला ताबा राहतो, असा त्याचा सूर होता. वास्तविक अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार, तिथल्या कायद्याच्या कक्षेतील कंपनीच्या ताब्यात असलेली विदा जगात कुठेही साठवलेली असली, तरी अमेरिकी यंत्रणा ती कायदेशीर आदेशाने मागू शकतात. म्हणजे सर्व्हर कुठे आहे याइतकाच तो कोण चालवतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच टिपणात नव्हता. शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, एका परदेशी क्लाउड कंपनीने या अभ्यासासाठी निधी दिल्याची नोंद होती. निधीमुळेच तो प्रश्न गळला, असे मी म्हणणार नाही. पण ही नोंद पहिल्या पानावर, शिफारशींच्या शेजारी असती, तर तो आम्ही पहिल्याच वाचनात विचारला असता.

हा आग्रह क्षुल्लक नाही. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांकडे वेळ कमी असतो आणि अशा टिपणातली तयार व्याख्या हाताशी असली की तीच पुढे सरकते. कलमात एकदा बसलेली व्याख्या बदलून घेणे किती अवघड असते, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

आम्ही संस्थेला पत्र लिहिले. देणगीदारांची यादी संकेतस्थळावर आहे, एवढेच उत्तर आले. तांत्रिक टिपणांसाठी वर्गणी आम्ही पुढे चालू ठेवली आहे. सार्वभौमत्वावरचे टिपण मात्र आता शेवटच्या पानापासून वाचायला घेतो.