एकट्याने जायचंय? न्यूयॉर्क, शिकागो की वॉशिंग्टन

मुलगा किंवा बहीण न्यू जर्सीला, आपण दोन-तीन महिन्यांसाठी गेलेलो, सकाळी आठला सगळे आपापल्या कामाला आणि आपण दिवसभर खिडकीतून समोरच्याचं लॉन बघत बसलेलो. पहिले पंधरा दिवस बरं वाटतं, मग डोकं फिरायला लागतं. अशा वेळी चार दिवस एकट्यानेच कुठेतरी जाऊन यावं असं मनात येतं, आणि मग प्रश्न येतो की कुठे. मला गेल्या काही दिवसांत दोघा-तिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. बहीण एडिसनला असते, तिच्याकडून मी ही तिन्ही शहरं एकट्याने केलीत, वय अठ्ठावन्न, बीपीची गोळी चालू, गाडी तिकडे चालवत नाही. ही माहिती मुद्दाम देतोय, पुढे कामाला येणारे.

लॉस एंजेलिस सोडून द्या, गाडीशिवाय तिथे आपला निभाव लागणार नाही. सॅन फ्रान्सिस्को मला आवडेल असं वाटतं पण मी गेलेलो नाही, आणि इकडून विमानानेच सहा तास, तेव्हा त्याबद्दल गेलेल्याने लिहावं.

न्यूयॉर्क आधी घेतो. बेस न्यू जर्सीत असेल तर तिथे राहायचा खर्चच नाही, एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून ट्रेन पकडली की तासाभरात पेन स्टेशन. एकट्या माणसाला या शहराचा एक मोठा फायदा म्हणजे तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. एकटं जेवताय, एकटं बाकावर बसलाय, स्वतःशी बडबडताय, काहीही करा. सबवे चोवीस तास चालू, क्रेडिट कार्ड टेकवलं की आत. मिडटाऊनमध्ये, म्हणजे मॅनहॅटनच्या मधल्या भागात, रस्त्यांना नंबर असल्यामुळे चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे, पंचवीसेक मिनिटं लागतात, उजव्या बाजूला उभं राहायचं, स्वातंत्र्यदेवता छान दिसते, तिकीट काढून लायनीत उभं राहण्यापेक्षा मला तरी हेच बरं वाटलं. खाण्याचं म्हणाल तर सात नंबरची ट्रेन पकडून जॅक्सन हाइट्सला उतरा, मोमो, डोसा, जिलेबी काय हवं ते, आणि एकट्याला पुरेल एवढंच मिळतं.

आता कटकट सांगतो. वाचून हसाल, पण माझा सगळा निर्णय या एका गोष्टीवर झाला. बाथरूम.

झालं असं की मी ब्रुकलिन ब्रिज चालत आलो, ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे, कारण तसं चाललं की समोर सगळ्या बिल्डिंगा दिसतात. १८८३ चा पूल, लाकडी फळ्या, वारा भन्नाट, खूप मजा आली, दोन ठिकाणी थांबून फोटो काढले. पण पुलावर सोय नाही आणि असणार तरी कशी. उतरल्यावर सिटी हॉलजवळ मी शोधायला लागलो. सबवेच्या स्टेशनातलं बंद. एका दुकानात विचारलं तर मान हलवली. दुसरीकडे पाटी, फक्त गिऱ्हाइकांसाठी. शेवटी एका कॉफीच्या दुकानात शिरलो, पाच डॉलरची कॉफी घेतली, तिच्या पावतीवर दाराचा कोड छापलेला. दारापुढे सहा जण उभे. माझ्या एका हातात गरम कॉफी, दुसऱ्या हातात जॅकेट, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये पासपोर्ट. नंबर आला, आत गेलो, तर दाराच्या मागे हुक नाही. फरशी ओली. सॅक खाली ठेवायची सोय नाही, बाहेर ठेवायची हिंमत नाही. मग सॅक पुढे छातीवर घेतली, जॅकेट दातात धरलं, आणि पुढचं सांगत नाही. कॉफी आत नेणं काही बरं वाटेना म्हणून बाहेरच्या टेबलावर ठेवली होती, येऊन बघतो तर पोराने टेबल पुसून ती टाकूनही दिलेली. पाच डॉलर गेले.

बायको बरोबर असली की ही गोष्ट कधी लक्षातच येत नाही. ती म्हणते "आण इकडे", बॅग घेते, उभी राहते, आपण जाऊन येतो, मग ती जाते. चाळीस सेकंदांची गोष्ट. एकटं फिरताना सगळं सामान घेऊन सगळीकडे जायचं हा खरा त्रास आहे, हॉटेलचा खर्च एकट्यावर पडतो वगैरे सगळं नंतर. आणि त्यात हे दुष्टचक्र, की बाथरूमसाठी कॉफी घ्यायची, कॉफी प्यायली की तासाभरात पुन्हा शोधाशोध. वरून सकाळची गोळी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, डॉक्टर म्हणालेत भरपूर पाणी प्या. तरुण मुलांना हा मुद्दा फालतू वाटेल, वाटू दे.

न्यायाने सांगायचं तर ब्रायंट पार्कमधलं बाथरूम, बेचाळिसाव्या रस्त्यावर, मोठ्या लायब्ररीच्या मागे, इतकं सुंदर आहे की आत ताजी फुलं ठेवलेली असतात. मला ते शेवटच्या दिवशी सापडलं. आणि पेन स्टेशनसमोर जुन्या पोस्टाच्या इमारतीत २०२१ ला जो मॉयनिहान हॉल झालाय तिथेही ठीक आहे. पण एवढ्या मोठ्या शहरात दोन ठिकाणांचा नकाशा डोक्यात ठेवून फिरायचं म्हणजे खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखं झालं.

शिकागो. हे खरं सांगू का, दिसायला तिघांत सगळ्यात देखणं. नेवार्कहून विमानाने अडीच तास, ओ'हेअरला उतरलं की एअरपोर्टच्या पोटातूनच ब्लू लाइनची लोकल ट्रेन मिळते, पाऊण तासात गावात. १८७१ च्या आगीत गावाचा मधला भाग जळून गेला, म्हणून मग यांनी नव्याने उंच उंच बांधायला घेतलं, आणि आज नदीतून बोटीत बसून त्या इमारती बघायची टूर असते, ती चुकवू नका, पन्नास डॉलरच्या आसपास जातात पण बोटीवरचा माणूस नव्वद मिनिटं बोलतच असतो, एकटेपणा जाणवत नाही. मी बसलो त्या बोटीत बाथरूमही होतं, म्हणजे बघा. नदीची गंमत अशी की १९०० साली यांनी तिचा प्रवाहच उलटा फिरवला, गावाची घाण पिण्याच्या पाण्याच्या मिशिगन तळ्यात जायला नको म्हणून.

मिलेनियम पार्कमधला तो चकचकीत राजमा, म्हणजे राजम्याच्या आकाराचं स्टीलचं प्रचंड शिल्प, तो अनिश कपूरचा, माणूस मूळ मुंबईत जन्मलेला. त्याच्या पोटाखाली उभं राहिलं की आपली दहा वेडीवाकडी रूपं दिसतात. जवळच आर्ट इन्स्टिट्यूट, याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद बोलले, बाहेरच्या रस्त्याच्या तुकड्याला त्यांचं नाव आहे. माझ्यासारखा माणूस तिथे पाच मिनिटं नुसता उभा राहतो. आत एडवर्ड हॉपर या चित्रकाराचं ते रात्रीच्या हॉटेलचं चित्र आहे, काउंटरवर चारच माणसं आणि एक जण आपल्याकडे पाठ करून एकटाच बसलेला. त्याच्यापुढे मी बराच वेळ होतो.

रस्त्याच्या पलीकडे थोडं वर गेलं की कल्चरल सेंटर, १८९७ ची इमारत, पूर्वी लायब्ररी होती, वर रंगीत काचेचा प्रचंड घुमट, आणि जायला फुकट. बाथरूम स्वच्छ, हुक आहे. मी तिन्ही दिवस तिथे जाऊन आलो आणि घुमट तिन्ही वेळा बघितला.

मग शिकागो का नाही? दोन कारणं. एक म्हणजे पिझ्झा, ते खोलगट प्रकरण चाळीस मिनिटांनी येतं आणि एकट्याने संपत नाही, उरलेलं डब्यात घालून दिवसभर सॅकमध्ये चीजचा वास घेऊन फिरलो (काही ठिकाणी छोटा मिळतो म्हणे, मला मिळाला नाही). दुसरं म्हणजे तळ्याचा काठ. अठरा मैलांचा रस्ता आहे चालायला, समुद्रच वाटतो, पण मी ऑक्टोबरच्या शेवटी गेलो होतो, वारा कानात सुया टोचल्यासारखा आणि काठावरची बाथरूमं सीझन संपला म्हणून कुलूपबंद. थंडीत हा विषय जास्तच ऐरणीवर येतो हे वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर माझं हे सगळं म्हणणं बाद समजा, कदाचित शिकागोच घ्या.

वॉशिंग्टनबद्दल मला आधी फार अपेक्षा नव्हती. सरकारी गाव, पांढऱ्या इमारती, खांब, पुतळे, असं वाटायचं. मेट्रोपार्कहूनच अॅमट्रॅक, म्हणजे लांब पल्ल्याची ट्रेन, मिळते, तीनेक तासांत युनियन स्टेशन, एअरपोर्ट नको, सिक्युरिटी नको. बाहेर आलं की समोर कॅपिटॉलचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा घुमट. तिथून लिंकनच्या स्मारकापर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर सरळ हिरवळ आणि दोन्ही बाजूला म्युझियम्स. बहुतेक स्मिथसोनियन या सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेची, सगळी फुकट, २५ डिसेंबर सोडून रोज उघडी. हा स्मिथसन इंग्रज, १८२९ ला वारला, आयुष्यात कधी अमेरिकेत पाय ठेवला नाही आणि इस्टेट मात्र यांना देऊन गेला. मी रोज मनातल्या मनात त्याचे आभार मानत होतो, आणि ते फक्त ज्ञानासाठी नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

फुकटचा खरा फायदा पैशाचा नाहीये. न्यूयॉर्कला मेट म्युझियमचे तीस डॉलर दिले की माणूस पाय तुटेपर्यंत आत फिरतो, वसूल करायचे असतात ना. इथे मी नॅचरल हिस्टरीत वीस मिनिटांसाठी गेलो, होप हिरा बघितला, आपल्या गोवळकोंड्याकडचा, काचेभोवती ही गर्दी, बघून बाहेर. मग ऊन लागलं म्हणून नॅशनल गॅलरीत, तिथे मधल्या घुमटाखाली कारंजं आहे, त्याच्या बाजूला अर्धा तास बसलो. पाय दुखले की आत, पाणी संपलं की आत, आणि ते आलं की आत. प्रत्येक दहा मिनिटांवर एक मोठी, स्वच्छ, कुणालाही न विचारता जाता येणारी जागा. कॉफी घ्यायची गरज नाही, कोड नाही. सॅक दारात एकदा तपासतात, तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की आपण सकाळपासून बाथरूमचा विचारच केलेला नाही, आणि त्यामुळे व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाच्या त्या काळ्या भिंतीपाशी, युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांची अठ्ठावन्न हजारांवर नावं आहेत त्यावर, मी निवांत थांबू शकलो. काही लोक कागद लावून पेन्सिलीने नावं उतरवून घेत होते.

विमानं-अवकाशयानांच्या एअर अँड स्पेस म्युझियमला मात्र फुकट असला तरी वेळेचा पास आधी ऑनलाइन काढावा लागतो, विसरू नका. कॅपिटॉलच्या टूरला खायचं-प्यायचं काहीही आत नेऊ देत नाहीत, बहिणीने दिलेल्या दशम्या मी दाराबाहेर उभं राहून संपवल्या, चार होत्या. खाण्याला अमेरिकन इंडियन म्युझियमचं कॅन्टीन बरं, मका, बीन्स, भोपळा असं काहीतरी ओळखीचं मिळतं, स्वस्त मात्र नाही.

उणं सांगायचं तर वॉशिंग्टन संध्याकाळी मिटतं. साडेपाचला म्युझियम्स बंद आणि मॉलवर, म्हणजे त्या लांब हिरवळीवर, फक्त पळणारी माणसं. एकट्याला ही वेळ खायला उठते. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे गॅलरी प्लेस स्टेशनजवळचं पोर्ट्रेट गॅलरीचं म्युझियम, ते सकाळी उशिरा उघडतं पण सातपर्यंत असतं, मध्ये काचेचं छत घातलेला चौक आहे, झाडं, खुर्च्या, लोक लॅपटॉप घेऊन बसलेले. तिथे पुस्तक वाचत बसायचो, मग जवळच जेवून हॉटेल. मेट्रो रात्रभर नसते आणि भाडं अंतरावर, न्यूयॉर्कसारखं बिनधास्त नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा अगदी मेमधल्या दादरसारखा. चेरी फुलतात तेव्हा, मार्चअखेर-एप्रिलमध्ये, हॉटेलं परवडत नाहीत. आणि एक मोठी जोखीम, तिकडच्या सरकारचं बजेट अडकलं की ही म्युझियम्सही बंद होऊ शकतात, २०१३ ला झालं, २०१९ च्या जानेवारीत झालं, २०२५ ला परत झालं, तेव्हा निघायच्या आधी बातम्या बघा. तसं झालं तर माझा सगळा मुद्दाच कोसळतो.

भाचा म्हणतो मामा तू न्यूयॉर्कला चार दिवस राहून बघ, दिवसभराच्या फेऱ्यांत ते कळत नाही. असेलही. त्याचं वय सव्वीस आहे. मी पुढच्या वेळेला परत वॉशिंग्टनच करणार असं तिकीट बघून ठेवलंय, पोर्ट्रेट गॅलरीपासून चालत पोचता येईल असं हॉटेल, शुक्रवार ते सोमवार, कारण कामाची माणसं वीकेंडला गाव सोडतात आणि रेट जरा उतरतात.

कुठेही गेलात तरी सॅक लहान घ्या, पासपोर्ट कमरेच्या पाउचमध्ये, आणि एक एस आकाराचा हुक मिळतो बघा स्वयंपाकघरात झारे टांगायचा, तो खिशात ठेवा. दाराच्या वरच्या कडेला अडकतो.