पाळणाघराचा ‘परवाना’: २,०५,८०० रुपये आणि कुणीच न वाचलेला संकेतांक

जो कायदाच नाही, त्याचा परवाना आम्ही सरकारी माणसं म्हणून दारात आलेल्यांकडून विकत घेतला. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. नऊ घरगुती पाळणाघरं, अकरा दिवस, २,०५,८०० रुपये. बँका, रेल्वे, मंत्रालय असा नोकरदार आईबापांचा पहाटेचा लोंढा ज्या उपनगरातून निघतो, तिथल्या आम्ही बायका. दर महिन्याचा हिशेब पैशापैशानं लिहिणाऱ्या. आणि तरीही.

दरपत्रक असं होतं. ‘नोंदणी शुल्क’ ४,५०० रुपये. ‘स्थळ तपासणी’ ३,०००. ‘परत मिळणारी सुरक्षा अनामत’ १०,०००. ‘बालसंगोपन सेविका प्रमाणपत्र’ माणशी २,५००. दारावरची निळी पाटी १,२००. मालकीण आणि एक मदतनीस धरून २३,७०० झाले. एकटीनं चालवणाऱ्या तिघींचे २१,२००. महिन्याला साडेचार हजार फी घेणाऱ्या घरात पाच मुलांची महिन्याची फी घातली तरी २३,७०० भरत नाहीत. सगळ्यात जास्त फसवलं ते ‘परत मिळणारी’ या दोन शब्दांनी. परत येणार म्हटल्यावर तो खर्च वाटलाच नाही.

अशा योजना कशा चालतात ते सगळ्यांना माहीत आहे: आधी भीती, मग घाई, मग ‘तुमच्या शेजारणीनं भरले’. यातली भीती मात्र खऱ्या कायद्यातून उचललेली होती, म्हणून तपशिलात लिहिते. बाल न्याय अधिनियम, २०१५. कलम ४१ म्हणतं, मुलं ठेवणाऱ्या संस्थेनं नोंदणी करावी. कलम ४२ म्हणतं, न केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन्ही कलमं खरी आहेत, आम्ही उघडून वाचली. फक्त ती ज्या मुलांसाठी आहेत ती मुलं वेगळी: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली, किंवा कायद्याशी संघर्षात आलेली, जी संस्थेत राहतात. बालगृह, निरीक्षणगृह, अनाथाश्रम. सकाळी साडेआठला डबा घेऊन येणारं आणि संध्याकाळी सातला बाबाच्या खांद्यावर झोपून घरी जाणारं पोर त्यात बसत नाही. कलम वाचलं, पण कलमातला ‘संस्था’ हा शब्द कुणासाठी आहे ते वाचलं नाही. अर्धवट वाचन न वाचण्यापेक्षा महाग पडलं.

आणि आता तो क्षण. त्यांनी दाखवलेला ‘शासन निर्णय’. वर राजमुद्रा, खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. दिनांक ५ सप्टेंबर २०२४, म्हणजे बदलापूरच्या प्रकरणानंतर पंधरा-वीस दिवसांचा. त्या ऑगस्टमध्ये शालेय शिक्षण विभागानं शाळांतल्या सीसीटीव्हीबद्दल खरोखरच शासन निर्णय काढला होता, त्यामुळे पाठोपाठ पाळणाघरांचाही आला असेल हे कुणालाही पटलं असतं. आम्हाला पटलं. पण प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य असतं, ‘त्याचा संकेतांक ... असा आहे’, आणि मधे अठरा आकडे. पहिले आठ आकडे म्हणजे तारीख: वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन विभागाचे. आमच्या कागदावरचा संकेतांक सुरू होत होता २०१९०६१४ ने आणि संपत होता २१ वर. म्हणजे १४ जून २०१९, शालेय शिक्षण विभाग. आणि शीर्षकात? महिला व बालविकास विभाग. पाच वर्षांपूर्वीच्या शाळेच्या कागदाचं शेपूट कापून आमच्या कागदाला चिकटवलं होतं! तो कागद नऊ घरांत फिरला, नऊ जणींनी त्याच्या झेरॉक्स काढल्या. एकीनंही ते अठरा आकडे शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहिले नाहीत. दोन मिनिटांचं काम.

बाकीच्या खुणाही समोरच होत्या. कागदावर अधिनियमाचं नाव होतं, क्रमांक नव्हता. राज्याच्या कायद्याला क्रमांक असतो. दुकाने व आस्थापना कायदा हा २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६१ आहे. ‘चलन’ होतं, पण जीआरएन, म्हणजे सरकारी भरण्याचा क्रमांक, नव्हता. सरकारी तिजोरीत ऑनलाइन पैसे ‘ग्रास’ या राज्याच्या पोर्टलवरून जातात आणि तिथला जीआरएन ‘एमएच’ या अक्षरांनी सुरू होतो. आम्ही यूपीआयनं भरले, पडद्यावर एका माणसाचं नाव आलं, आणि उत्तर मिळालं, “ताई, ते साहेबांचं खातं आहे, चलन मागाहून निघतं.” सरकारी शुल्क साहेबाच्या खात्यात जात नाही. कधीच नाही. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की आपलं नाव हिरव्या अक्षरात यायचं; पण पान त्यांचंच, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नाही. चोरानं स्वतःच स्वतःला दिलेला दाखला.

तपासणीचं तर काय सांगावं. गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. एका घराचा हॉल मोजला: १० बाय ११. मुलं मोजली नाहीत! चौदा होती. केंद्राच्या २०१८ च्या पाळणाघर मार्गदर्शक सूचना आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी आहेत, पण मोजमाप म्हणून चांगल्या आहेत. त्यात मुलामागे १० ते १२ चौरस फूट आणि तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, शिवाय मदतनीस असं आहे. चौदा मुलांना १४० चौरस फूट लागतात, होते ११०. खरा निरीक्षक तिथेच अडला असता. हा चहा पिऊन ‘ए ग्रेड’ देऊन गेला, आणि ए ग्रेड मिळाल्यावर शंका कोण घेतं? निळी पाटी लागल्यावर आईबापांनीही निःश्वास टाकला. फसवणूक आमच्यापुरती राहिली नाही, ही लाज पैशापेक्षा मोठी आहे. पाट्या उतरवल्या आणि प्रत्येक पालकाला कारण सांगितलं. दोन मुलं गेली.

आम्ही मूर्ख होतो असं म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरातलं दहा महिन्यांच्या बाळाच्या मारहाणीचं ते सीसीटीव्ही चित्रण अख्ख्या राज्यानं पाहिलं. तेव्हापासून ‘कायदा येणार’ हे ऐकतोय. खाजगी घरगुती पाळणाघराला परवाना देणारा राज्याचा स्वतंत्र कायदा असता, तर खोटा कुणाला विकता आला असता? पन्नास किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं आहे. ज्या बाईकडे त्या कामगारांची मुलं प्रत्यक्षात वाढतात, तिच्यासाठी कोरा कागद. त्या कोऱ्या जागेवर कुणीतरी शिक्का मारला.

आता कार्यालयं. महिला व बालविकासवाले म्हणाले, पाळणाघर आमच्याकडे येत नाही. बरं, मग हेच लेखी द्या, की असा परवाना अस्तित्वात नाही, म्हणजे पोलिसांना दाखवता येईल. लेखी देता येत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं. तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर: ‘माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही.’ नसलेल्या कायद्याची माहिती उपलब्ध कशी असेल! महापालिकेनं शॉप ॲक्टकडे बोट दाखवलं. तिथे कळलं, कामगार मोजकेच असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते, तपासायला कुणी येत नाही. (ती पावती फ्रेम करून ‘सरकारमान्य’ लिहिणाऱ्यांनीही जरा थांबावं.) १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, माणूस घरी येऊन गेला ना, मग पोलीस ठाण्यात जा. पोलीस ठाण्यात सांगितलं, यूपीआय आहे ना, मग सायबरला जा. तिसऱ्या खेपेला ‘दिवाणी मामला’. चौथ्या खेपेला ‘चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू’.

इथे ऐका. ती चौदा दिवसांची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मधली, तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ती चौकशी इथे लागत नाही. अर्जात हे कलम आकड्यासकट लिहा. लोकसेवक असल्याची बतावणी, कलम २०४, तेही लिहा. राजमुद्रेचा गैरवापर, २००५ चा कायदा, तोही. ‘फसवणूक झाली’ एवढंच लिहिलेला आमचा पहिला अर्ज फायलीत झोपला. कलमं घातलेल्या दुसऱ्याला निदान आवक क्रमांक मिळाला. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर १७३(४) खाली तक्रार टपालानं वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवा, स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. मग न्यायदंडाधिकारी.

पैसे गेल्याचं कळलं त्याच मिनिटाला १९३० लावा, दुसऱ्या दिवशी नाही. आमच्यात पहिल्या हप्त्यापासून कळेपर्यंत अकरा दिवस गेले, तोवर खातं रिकामं झालं होतं. पाटी, पावती, पाकीट काही फेकू नका. दोन तासांच्या ऑनलाइन वर्गानंतर मिळालेलं सेविका प्रमाणपत्रही ठेवा. त्यावरची सही पुरावा आहे.

आणि खरंच काय लागतं? शॉप ॲक्टची सूचना. सोसायटीचं ना हरकत पत्र. मुलांना शिजवून घालत असाल तर वर्षाला शंभर रुपयांची अन्न नोंदणी, चौदा आकडी क्रमांकाची. मदतनीस बाईची पोलीस पडताळणी, तिच्या समक्ष. यातलं काहीही विकायला कुणी दारात येत नाही.

तोच कागद आता पुढच्या दोन स्टेशनांवरच्या पाळणाघरांत फिरतोय. नोंदणी शुल्क ६,५०० झालंय, दिनांक बदललाय, कलम ४२ ठळक केलंय. संकेतांक अजून २०१९०६१४ नेच सुरू होतो.