व्हर्च्युअल ऑर्गनसाठी ‘खास ऑडिओ पीसी’ बांधून घेताय? आधी हे वाचा

घोडबंदर रोडवरच्या एका ‘ऑडिओ पीसी स्पेशालिस्ट’ने टप्प्याटप्प्याने माझे १,५९,००० रुपये काढले आणि जुन्या सर्व्हरचे वापरलेले पार्ट नव्या कॅबिनेटमध्ये बसवून दिले. तो अजूनही धंदा करतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. फोर्टच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये खरा पाइप ऑर्गन आहे, पण ठाण्यात राहून रोजच्या सरावाला तो कुठून मिळणार? त्यावर उपाय व्हर्च्युअल ऑर्गन. युरोपातल्या ऑर्गनचा एकेक पाइप वेगळा रेकॉर्ड केलेला असतो. ते सगळे आवाज (यालाच सॅम्पल सेट म्हणतात) रॅममध्ये भरायचे आणि मिडी कीबोर्डवर वाजवायचे. स्वर सोडल्यावर चर्चमध्ये घुमत राहणारा नादही त्यात असतो, त्यामुळे सगळे स्टॉप (एकेका प्रकारचे पाइप चालू-बंद करणारे खटके) उघडून चार सुरांचा कॉर्ड दाबला की शेकडो आवाज एकदम चालू होतात. प्रोसेसरला ते वेळेत जमलं नाही की कडकड, तडतड ऐकू येते. हेडफोनवर तर सहन होत नाही.

त्या माणसाचा सगळा धंदा या तडतडीवर चालतो. तिची कारणं अनेक असू शकतात, त्यामुळे प्रत्येक वेळी नवीन कारण सांगून नवीन वस्तू गळ्यात मारता येते.

मूळ मशिनचे त्याने १,१२,००० घेतले. डेमो छान दिला, पण त्यात एकच बासरीचा स्टॉप उघडला होता. एवढं तर साधा लॅपटॉपही वाजवतो. घरी पूर्ण ऑर्गन उघडला आणि तडतड सुरू झाली. फोन केला तर म्हणाला, “अंकल, तुमचा सॅम्पल सेट करप्ट आहे.” सेट पुन्हा उतरवला, फरक शून्य. मग १८,५०० चं ‘स्टुडिओ साउंडकार्ड’ आलं. त्यानंतर २४,००० चं ग्राफिक्स कार्ड. कारण काय, तर “त्याने प्रोसेसरवरचा लोड उतरतो.” हे धादांत खोटं आहे. ऑर्गनचे आवाज मिसळायचं काम प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्डाचा त्यात काडीचा हात नाही.

शेवटी एनीडेस्कवरून, म्हणजे दूर बसून माझं मशिन चालवून, ‘लेटन्सी ट्यूनिंग’ केलं (लेटन्सी म्हणजे पट्टी दाबल्यापासून सूर येईपर्यंतचा उशीर), त्याचे ४,५००. तडतड खरंच थांबली, पण पट्टी दाबल्यावर सूर मागून येऊ लागला. पायाचे पेडल वाजवताना तर हात आणि पाय जणू दोन वेगळ्या ठिकाणी वाजतायत असं वाटायचं. त्याने केलं होतं एवढंच की बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी साठवून ठेवायचे नमुने, २०४८ वर नेऊन ठेवला. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने असताना, याचा अर्थ जवळपास ४३ मिलिसेकंदांचा उशीर, आणि ड्रायव्हरचा वेळ त्यावर वेगळा. २५६ चा बफर असेल तर हाच उशीर साधारण ५ मिलिसेकंद असतो. दुखणं झाकून त्याला इलाज म्हणायचा हा प्रकार! वर विंडोजचा अँटिव्हायरस आणि अपडेट दोन्ही बंद करून गेला, तेही न सांगता.

माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे. तो घरी आला, प्रोसेसरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं आणि म्हणाला, “मामा, हा प्रोसेसर २०१४ चा आहे.” बिलावर ‘ब्रँड न्यू १२ कोअर स्टुडिओ प्रोसेसर’ लिहिलेलं. निघाला झिऑन ई५-२६८० व्ही३, म्हणजे सर्व्हरमधून काढलेला. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे चालू तास वीस हजारांच्या वर, म्हणजे नवी म्हणून विकलेली डिस्क आधी कुठेतरी सव्वादोन वर्षांहून जास्त अखंड चाललेली. कॅबिनेटवर ‘स्टिकर फाटल्यास वॉरंटी रद्द’ असं का चिकटवलं होतं ते तेव्हा कळलं. विंडोजही चोरीचं होतं. आणि बिलात ९,००० रुपये ‘ऑर्गन सॉफ्टवेअर लायसन्स फी’! सॉफ्टवेअर होतं ग्रँडऑर्ग. ते मोफत आहे, कुणीही उतरवून घ्यावं. ज्यांनी हौसेने, फुकट राबून ते बनवलं, त्यांच्या कामावर या माणसाने पैसे उकळले याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

तडतडीचं खरं कारण भाच्याने लेटन्सीमॉन लावून शोधलं. हा छोटा प्रोग्रॅम कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते नावानिशी दाखवतो. आमच्याकडे वायफायचा ड्रायव्हर निघाला. वायफाय बंद केलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला, यूएसबीची वीज वाचवायची सोय बंद केली. ‘स्टुडिओ’ कार्डाला स्वतःचा असिओ ड्रायव्हरच (कमी उशिराने आवाज काढणारा) नव्हता, कुठल्याही कार्डावर चालणारा असिओ-फॉर-ऑल टाकून भागवलं होतं. ओळखीच्या एकाचा खरा ऑडिओ इंटरफेस लावून पाहिला, ग्रँडऑर्गमध्ये पॉलिफनीला, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांच्या संख्येला, मर्यादा घातली, आणि मध्यम आकाराचा ऑर्गन २५६ च्या बफरवर स्वच्छ वाजला. मोठा सेट मात्र या प्रोसेसरला झेपत नाही.

तुम्ही असं मशिन घेणार असाल तर डेमोला स्वतःचा सेट घेऊन जा, सगळे स्टॉप आणि कपलर (एका कीबोर्डवर दुसऱ्याचे आवाज जोडणारे खटके) उघडायला लावा, बफर किती ठेवलाय ते स्क्रीनवर बघा आणि लेटन्सीमॉन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. सीपीयू-झेड आणि डिस्कचे तास पैसे देण्याआधी बघा. “कारण दाखवा, मग पार्ट घेतो,” एवढं एक वाक्य धरून ठेवा. आणि बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. माझ्या बिलावरचा नंबर भलत्याच धंद्याचा निघाला, तोही नोंदणी रद्द झालेला.

पैसे परत मागितल्यावर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यातून काही निघालं नाही, म्हणून आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल, यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं आणि सीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. ठाणे-नवी मुंबईत आणखी कुणाला अशाच स्टिकरचं कॅबिनेट आणि ‘लायसन्स फी’चं बिल मिळालं असेल तर ते जपून ठेवा आणि मला कळवा. एकापेक्षा जास्त तक्रारी असतील तर आयोगापुढे सांगणं सोपं जाईल.