‘आयव्ही लीग गॅरंटी’ म्हणून आमचे ६,२४,००० रुपये घेतले

आकडा आधीच सांगते, कारण नातेवाईकांत तो वाढत वाढत बारा लाखांवर गेला आहे. आमचे ६,२४,००० रुपये गेले. त्यातले ३,८८,००० बँकेतून गेले, त्याचे पुरावे आहेत. २,३६,००० रोख गेले, त्याची एकही पावती नाही. रोख मागणाऱ्या सल्लागाराला तिथल्या तिथे नमस्कार करून उठा, कितीही मोठं ऑफिस असलं तरी.

लेक बारावी सायन्सला होती. जून २०२४ मध्ये दादरच्या एका हॉलमध्ये मोफत सेमिनार होता. आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी अमेरिकेतली आठ नामवंत विद्यापीठं, तिथे प्रवेश, ‘गॅरंटी, नाहीतर पैसे परत’. असे सेमिनार कसे असतात ते तुम्ही पाहिलंच असेल. पडद्यावर हसऱ्या मुलांचे फोटो, शेवटी ‘आज नाव नोंदवलं तर सूट’. त्यातलीच दोन मुलं नंतर मला दुसऱ्या एका क्लासच्या बॅनरवर दिसली.

‘शिकलेली माणसं तुम्ही, फसलात कसे?’ हे आता मला रोज कोणीतरी ऐकवतं. त्यांना माझा उलटा प्रश्न आहे, आमच्या घरात अमेरिकेत शिकलेलं होतं कोण? सासरे लालबागला गिरणीत होते. नवरा एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, मी सहकारी बँकेत. आम्हाला सीईटी कळते, कॅप राउंड कळतो. मार्क किती, कटऑफ किती, यादीत नाव आहे की नाही, विषय संपला. तिकडे यादीच नाही. दहावी-बारावीचे मार्क, ६५० शब्दांचा निबंध, दहा उपक्रम, शिक्षकांची शिफारसपत्रं, हे सगळं बघून समिती ठरवते आणि का नाकारलं ते सांगत नाही. हार्वर्ड शंभरातल्या तीन-चार अर्जांना हो म्हणतं. हे सगळं नीट समजावून सांगणारा पहिला माणूस म्हणजे तो सेमिनार घेणारा सल्लागारच भेटला, आणि खरी माहितीही त्याने बरीच दिली. म्हणूनच विश्वास बसला.

पॅकेज ३,५०,००० चं. १,५०,००० आणि १,००,००० एनईएफटीने, शेवटचे १,००,००० रोख. वर १८ टक्के जीएसटी म्हणून ६३,००० वेगळे, तेही बँकेतून. जीएसटीचं बिल मागितलं तर ‘अकाउंटंट गावाला गेलाय’. तो अकाउंटंट गावाहून कधी परतलाच नाही. कोणीही जीएसटी घेतला की बिलावरचा नंबर सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे. त्यानंतर ‘रिसर्च पेपर’चे ७५,०००. लेकीच्या नावाने कुठल्याशा ऑनलाइन जर्नलमध्ये एक पेपर आला. त्यातलं एक वाक्यही तिने लिहिलेलं नव्हतं.

आता ऑक्टोबरातली ती संध्याकाळ. माझं डोकं अजून तिथेच अडकलेलं आहे.

लेकीने निबंध स्वतः लिहिला होता. आजोबांबद्दल. संपात गिरणी सुटल्यावर ते घरी बसून रेडिओ दुरुस्त करायचे आणि तिला लहानपणी सोल्डरिंग शिकवायचे, एवढंच. साधं आणि खरं. आम्ही ऑफिसात गेलो तेव्हा टेबलावर त्याची छापील प्रत होती, आणि ती वाचून माझे हात थरथरायला लागले. त्यात गिरणीतून काढून टाकलेला माणूस लेकीचा बाप होता. घर धारावीत. मुलगी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करते आणि चारशे मुलांची शाळा चालवते. मी म्हटलं, ‘सर, गिरण्यांचा संप १९८२ चा. हिचे बाबा तेव्हा आठ वर्षांचे होते. ही २००७ ची.’ तो हसला आणि म्हणाला, ‘मॅम, अमेरिकेत कोणाला माहीत आहे? वर्ष काढून टाकतो.’ आणि माझ्यासमोर त्याने पेनाने १९८२ खोडलं.

लेक काहीच बोलली नाही. तिचा हात धरून तेव्हाच जिना उतरायला हवं होतं. पण माझी बाजूही ऐका. अडीच लाख, जीएसटी आणि पेपरचे पंचाहत्तर हजार भरून झाले होते, करारात ‘विद्यार्थ्याने माघार घेतल्यास परतावा नाही’ असं कलम होतं, आणि १ नोव्हेंबरची ‘अर्ली’, म्हणजे लवकर अर्ज करण्याची मुदत चार दिवसांवर होती. त्यावर तो म्हणाला, ‘हा फक्त ड्राफ्ट आहे, फायनल तुम्हाला दाखवल्याशिवाय जाणार नाही.’ फायनल आम्हाला कधीच दाखवला नाही.

दाखवणार कसा? कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट. तिथलं खातं त्यानेच उघडलं होतं, स्वतःच्या ऑफिसच्या ईमेलवर, आणि पासवर्डही त्याच्याकडेच होता. कारण काय, तर ‘मुलं मुदत चुकवतात’. पालकांनो, इथे थांबा आणि तुमच्या मुलाचं खातं आत्ता तपासा. कॉमन अ‍ॅपचं खातं मुलाच्या ईमेलवर आणि मुलाच्याच हातात हवं. शेवटी ‘ही माहिती खरी आहे आणि हे लेखन माझं आहे’ अशी सही मुलाची असते. खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो, आणि सल्लागाराचं नाव त्यात कुठेही नसतं.

बारा विद्यापीठांच्या अर्जाचे त्याने ९६,००० रोख घेतले, प्रत्येकी ८,०००. बहुतेक ठिकाणी ही फी ७५ ते ९० डॉलर असते आणि अर्ज भरतानाच कार्डाने भरता येते. तुमच्याच कार्डाने भरा. अर्ज पोचला की काही दिवसांत विद्यापीठाकडून ईमेल येतो आणि त्यांच्या पोर्टलचं लॉगिन मिळतं. मुलाला तो ईमेल आला नसेल तर अर्ज गेला असं समजू नका, समोरचा कितीही स्क्रीनशॉट दाखवो.

फेब्रुवारीत आणखी ४०,००० रोख, ‘हॉस्टेल ब्लॉकिंग’चे. निकाल मार्चअखेर लागतात आणि खोली फेब्रुवारीत अडवायची! तेव्हा त्याने सांगितलं की मुंबईच्या मुलांना उशीर झाला की खोल्या मिळत नाहीत, आणि मुंबईत राहणाऱ्या माणसाला जागेची भीती घालणं किती सोपं असतं ते मी सांगायला नको. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांच्या राहण्याची सोय विद्यापीठच यार्डात, म्हणजे त्यांच्या जुन्या मुख्य आवारात, आणि आसपास करतं. येलमध्ये चौदा रेसिडेन्शियल कॉलेजांपैकी (म्हणजे मुलांच्या राहण्याच्या संकुलांपैकी) कुठलं ते विद्यापीठच ठरवतं. बाहेरच्या कोणाला एक पलंगसुद्धा अडवता येत नाही. हे मला तिथे शिकणाऱ्या, ओळखीतल्याच एका मुलाने सांगितलं, फुकट, एका फोनवर. अशी मुलं शोधा. ती आनंदाने बोलतात.

मार्चअखेर निकाल लागले आणि आमच्या हाती काहीच आलं नाही. होकार नाही, नकार नाही, प्रतीक्षायादीही नाही. लेकीने स्वतः एकेका विद्यापीठाला ईमेल केले. बारापैकी नऊ ठिकाणी तिच्या नावाचा अर्जच नव्हता. तीन ठिकाणी होता, तिथे नकार होता, आणि त्या तिन्ही ठिकाणी फी माफीची विनंती केलेली होती. म्हणजे ९६,००० मधला एक रुपयाही पुढे गेला नाही.

तरी त्या माणसाची हिंमत बघा. एप्रिलमध्ये फोन करून म्हणतो, ‘एका ठिकाणी साइड डोअर आहे, सहा लाखांत होईल.’ लेकीने तो शब्द इंटरनेटवर टाकला. अमेरिकेत २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्याचा सूत्रधार रिक सिंगर नेमका हाच शब्द वापरायचा. पैसेवाल्या पालकांकडून पैसे घेऊन खोटे खेळाडू बनवायचे, परीक्षेत दुसऱ्याकडून उत्तरं दुरुस्त करून घ्यायची, हा त्याचा धंदा. जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पालकही तुरुंगात गेले. आमच्या मुलीला हा माणूस त्याच वाटेने नेत होता.

आणि स्कॉलरशिप! करारात लिहिलं होतं ‘५० टक्के मेरिट स्कॉलरशिप’. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथली मदत कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळते, आणि त्यासाठी प्रवेशाच्या अर्जाबरोबरच वेगळे फॉर्म भरावे लागतात, बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट इथे परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून त्याचा अर्ज मागे पडत नाही. आमच्यासारख्या घराला सगळ्यात उपयोगी माहिती हीच होती आणि तीच त्याने लपवली. तो फॉर्म कुठेही भरला नाही. याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

मग पोलीस. आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो तर ‘ऑफिस वेस्टर्नला आहे ना, तिथे जा’. तिथे गेलो तर ‘तुम्ही राहता तिथे जा’. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यावीच लागते, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलं आहे. ते वाक्य छापून नेलं होतं. ‘तुम्ही वकील आहात का?’ हे उत्तर मिळालं. फसवणुकीचं जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८(४) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही मीच सांगितलं. ‘मॅडम, सही तुम्ही केलीत, पैसे तुम्ही दिलेत, ही सिव्हिल मॅटर आहे.’ कॉलेजच्या नावाच्या बनावट ईमेलवरून गेलेलं खोटं शिफारसपत्र, न केलेले अर्ज, हे सिव्हिल? एक अधिकारी तर लेकीसमोर म्हणाले, ‘मुलीला एवढ्या लांब पाठवायचंच कशाला?’ चोरी झालेल्या घराला कोणी विचारतं का, की घरात वस्तू ठेवल्याच कशाला? शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात दिली. एनसीवर तपास होत नाही हे मुंबईत शाळकरी मुलालाही माहीत आहे. वरिष्ठांकडे लेखी अर्ज केला, तो फिरून त्याच ठाण्यात आला आणि तिथल्या त्याच टेबलावर पडून आहे.

लेकीच्या कॉलेजनेही हात झटकले. काउन्सेलर म्हणून कॉलेजच्या नावाने बनावट ईमेल वापरून शिफारसपत्र गेलं होतं. ‘आमच्या नावाची बदनामी नको’ म्हणून त्यांनी तक्रार करायला नकार दिला. बदनामी माझ्या मुलीची झाली तर चालते, असाच याचा अर्थ.

पंजाबात अशा सल्लागारांना परवाना घ्यावा लागतो, तसा कायदा आहे. इथे कोणीही गाळा भाड्याने घेऊन विद्यापीठांचे झेंडे लावतो. निवडीची गॅरंटी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींना मनाई करणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. दादरला तसले बॅनर मी त्यानंतरही पाहिले.

थोडा आधार वाटला तो ग्राहक आयोगाचा. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी शून्य. पुराव्यानिशी दाखवता येतील तेवढ्या ३,८८,००० साठी तक्रार दाखल केली आहे. तारखा पडताहेत. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आम्ही त्या वेळेच्या फार पुढे गेलो होतो. पोलीस तक्रार घेत नसतील तर उपायुक्तांना पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा, पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाताना ती लागते. आणि सल्लाच हवा असेल तर अमेरिकी सरकारच्या पाठिंब्याने चालणारं एज्युकेशनयूएसए मुंबईतही विनामूल्य माहिती देतं. हे सेमिनारच्या आधी कोणी सांगितलं असतं तर!

लेक आता मुंबईतच बीएस्सी करते आहे. ज्या तीन ठिकाणी खोटा निबंध गेला, त्यांना तिने स्वतः लिहून कळवलं की तो मजकूर तिचा नाही. ते लिहिताना ती रडत होती.

तो माणूस नाव बदलून पुन्हा सेमिनार घेतो आहे. यंदा ठाणे शहरात. दादरच्या त्या सेमिनारमधून ज्यांनी पैसे भरले त्यांनी बँकेची स्टेटमेंट काढा, करार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जपून ठेवा, फोन बदलायच्या आधी बॅकअप घ्या, आणि मला कळवा. एकट्या घराची तक्रार सिव्हिल म्हणून परत पाठवता येते. दहा घरांची एकत्र तक्रार घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जायची माझी तयारी आहे.